दिलं ते सुटलं

भादव्यातल्या त्या सकाळी वडगव्हाणात कोंबडं आरवलं नाही. आरवलं असलं तरी पाण्याच्या घोंगाटात कुणाच्या कानावर आलं नाही. वरच्या अंगाला रात्रभर आभाळ फुटल्यागत पाऊस झाला होता. मन्याड नदीचं तांबडं पाणी आधी स्मशानाच्या पत्र्याला लागलं, मग मारुतीच्या पारावर चढलं आणि उजाडता उजाडता पाटील गल्लीत शिरलं.

बुद्धवाडा तेवढा कोरडा होता. तोही कुणाच्या पुण्याईनं नव्हे. वाड्यातल्या सिंधुची सासू धुरपताबाई नवी नवरी होती तेव्हा वाडा नदीकाठीच होता. एका पुरात तो वाहून गेला आणि सरकारनं सगळ्यांना उचलून या मुरमाड माळावर आणून टाकलं. इथं धड हरळी उगवत नव्हती. घागरभर पाण्यासाठी बायांना गावात उतरावं लागायचं आणि कुणी वाढील तोवर विहिरीपासून लांब उभं राहावं लागायचं. त्याच माळावर आज सगळं गाव चढून येत होतं.

वाट ओढ्याच्या वळणावर पाण्याखाली गेली होती. सिंधुच्या दिरानं, आदर्शनं, बाभळीला दोर बांधून त्याचं दुसरं टोक पलीकडं फेकलं होतं. दोराला धरून माणसं येत होती. बायकांच्या कडेला लेकरं, डोक्यावर गाठोडी, कुणाच्या काखेत शेळीचं पिलू. सिंधुचा नवरा ज्ञानोबा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एकेकाला वर ढकलत होता आणि वरून सिंधु हात देत होती. तिचं लुगडं मांडीपर्यंत चिखलानं जड झालं होतं.

शेवटी शेषेराव पाटील आले. मागं त्यांची बायको तारामती आणि पुतण्या भागवत. भागवतानं काकूला नीट आणलं, पण शेषेरावांचा पाय वळणावरच्या दगडावरून निसटला आणि ते छातीपर्यंत आत गेले. दोर सुटला. ज्ञानोबानं पुढं झेप घेतली. शेषेरावांच्या हाताला लागलं ते ज्ञानोबाचं उजवं मनगट, वाकडं बसलेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ज्ञानोबा कळ येऊन ओरडला, पण त्यानं हात सोडला नाही.

सिंधु वरून बघत होती. ते मनगट शेषेरावांनीच मोडलं होतं.

दोन वर्षांखालची गोष्ट. गायरानातला तुकडा ज्ञानोबाचा बाप कसत आला होता. तूर शेंगांनी वाकली होती. भर दुपारी शेषेरावांची जनावरं तुरीत शिरली, नव्हे, घातली. ज्ञानोबा जनावरं वळवायला गेला, तर शेषेरावांच्या हातातली काठी त्याच्या मनगटावर बसली. एकदा नाही. तारामती बांधावर भाकरीचं फडकं घेऊन उभी होती, तिनं तोंड फिरवलं. ज्ञानोबा गवंडी होता. त्या दिवसापासून त्याला थापी धरता आली नाही. आता तो दुसऱ्याच्या हाताखाली माल कालवत होता. आदर्शनं पाठपुरावा करून केस केली होती आणि साक्षीची तारीख आता तोंडावर आली होती. ज्ञानोबाची साक्ष झाली होती. डोळ्यांनी बघितलेली साक्षीदार एकच, सिंधु.

माळावरच्या विहारात पाय ठेवायला जागा राहिली नाही. बुद्धमूर्तीच्या समोरच्या सतरंज्यांवर पोरं निजवली होती, बाबासाहेबांच्या फोटोखाली म्हातारी माणसं भिंतीला टेकून थरथरत होती. दुपार कलली तशी लेकरं भुकेनं रडायला लागली. सगळ्यांचे डोळे हळूहळू बाजूच्या खोलीच्या कुलपाकडं वळले.

त्या खोलीत वर्षावासाचं धान्य होतं. आषाढी पुनवेपासून वाड्यातल्या बाया रोज संध्याकाळी वंदनेला येताना ओंजळभर तांदूळ, वाटीभर डाळ आणून त्यात टाकत. आश्विन पुनवेला नांदेडहून भंते यायचे आणि सगळ्या वाड्याचं भोजनदान व्हायचं. किल्ली सिंधुच्या कमरेला होती.

आदर्श दारात आडवा उभा राहिला. भिजून त्याचे ओठ निळे पडले होते.

"वैनी, माणसं वढून काढली, ते ठीक. मीबी वढली. पण हे धान्य न्हाई उघडायचं. हे आपल्या बायांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलंय."

"पोरं रडून राहिलीत आदर्श."

"आपली पोरं रडली तव्हा कोण आलं व्हतं? केस केल्यावर दुकानदारानं मीठ देणं बंद केलं. ह्यातलं एक माणूस बोललं का? एक?"

त्याचं खोटं नव्हतं. सिंधुच्या हातात किल्ली होती आणि हात पुढं होत नव्हता. तिला भिंतीपाशी बसलेली तारामती दिसत होती. ओल्या पदरानं गुडघे आवळून बसलेली, पांढरे केस कपाळाला चिकटलेले. त्या दिवशी बांधावर फिरवलेलं तोंड ते हेच. सिंधुला वाटलं, हिनं एकदा तरी आपल्याकडं बघून मागावं. नुसतं 'दे' म्हणावं. मग देऊ.

धुरपताबाई उंबऱ्यावर बसली होती. तिला आता कमी दिसायचं, पण ऐकू सगळं यायचं.

"किल्लारीला भूकंप झाला तव्हा तुझा सासरा दगड उपसायला गेला व्हता," ती म्हणाली. "इथून भाकरी बांधून नेल्या व्हत्या. मातीतून निघालेला माणूस भाकर कुणाच्या घरची ते इचारत न्हाई म्हणायचा. तिसऱ्या दिशी इचारतो."

"मग आत्या? द्यायचं का न्हाई?"

"पहिल्या दिशी द्यायचं. तिसऱ्या दिशीचं तिसऱ्या दिशी बघू."

कुणीतरी हसलं. सिंधु हसली नाही. तिला भंतेंचं मागच्या वर्षीचं प्रवचन आठवलं. दान म्हणजे काय, असं एका बाईनं विचारलं होतं, तर ते एवढंच म्हणाले होते, की दिलं ते सुटलं पाहिजे. त्याची दोरी हातात ठेवली तर ते दान नव्हे, ते जनावर बांधणं झालं. तेव्हा ऐकायला बरं वाटलं होतं. आता ती समोर बसलेल्या तारामतीकडं बघत होती आणि तिला कळत होतं, की आपण दोरीच शोधून राहिलोय.

तिनं कुलूप काढलं.

आदर्श बाजूला झाला. थोड्या वेळानं विहाराच्या पत्र्याखाली रचून ठेवलेल्या कापसाच्या वाळक्या पळाट्यांचा एक बिंडा त्यानं चुलवणापाशी आणून आपटला आणि पाठ फिरवून परत दोराकडं गेला.

मोठं भगुणं चढलं. डाळ-तांदळाची खिचडी. धुरानं डोळे चुरचुरत होते. सिंधु उलथनं फिरवत होती आणि मनात राग तसाच रटरटत होता. दार उघडलं म्हणून तो कुठं गेला नव्हता.

एवढ्यात तारामती उठून चुलीजवळ आली. दोन हातांवर थांबली. खालच्या आवाजात म्हणाली, "सिंधे, आमच्या घरच्यापुरता शिधा वेगळा देतीस का? आम्ही आमचं करून घेतो. तिकडं कोपऱ्यात."

भोवतीच्या बायांचे हात थांबले. पातेली पुसणारी एकजण पातेलं तसंच धरून राहिली. सिंधुच्या कानशिलातून गरम वाफ निघाली. तिच्या तोंडाशी लई आलं होतं. पुरात बुडताना हात कुणाचा धरला, ते आलं होतं. पण ती बोलली ते वेगळंच.

"काकू, वाळलं जळण एवढंच हाय. दोन चुली पेटत न्हाईत."

"मग मला आज उपास हाय," तारामती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

पंगत बसली. शेषेराव खाली मान घालून जेवले. भागवत तर दोनदा मागून जेवला. तारामतीनं त्या दिवशी तोंडात काही घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस तसाच होता. दुपारी सिंधु वाढत वाढत भिंतीपाशी आली. तारामतीनं पाठ फिरवून ताटली मागं सरकवली. सिंधुनं वाढलं. पाठमोऱ्या तारामतीच्या खांद्यांची हालचाल तिला दिसत होती. बाई घाईघाईनं, बोटं चाटून खात होती. सिंधुला वाटलं होतं, हे बघून आपला जीव थंड होईल. झाला नाही. उलट कुणाला उघडं बघितल्यासारखं वाटून तीच पटकन पुढं सरकली.

पाणी उतरलं तसं गावही उतरलं. मागं विहारात चिखल, लेकरांची घाण आणि खरवडलेलं भगुणं राहिलं. धान्याची खोली झाडून पुसल्यागत रिकामी झाली होती. सिंधुच्या घराची मागची भिंत भिजून बसली होती. गायरानातल्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड फुटले होते.

शहरातून मदतीची वाहनं यायला लागली. बॅनर लावलेले टेम्पो चावडीपाशी थांबायचे. टेम्पोवाल्यांना माळावरच्या वस्तीचं कुणी सांगितलंच, तर चावडीवरची माणसं म्हणायची, "तिकडं पाणी गेलंच न्हाई की." वाड्यातल्या बाया रांगेत उभ्या राहून रिकाम्या हातानं परत येत होत्या.

मग एका सकाळी भागवत स्वतः ट्रॅक्टर घेऊन माळावर आला. ट्रॉलीत किराण्याच्या पिशव्या, चादरी, ताडपत्र्या होत्या. त्यानं सगळ्या वाड्याला वाटप केलं. जाताना तो ज्ञानोबाच्या पडक्या भिंतीपाशी थांबला. दोन ताडपत्र्या त्यानं मुद्दाम बाजूला ठेवल्या होत्या.

"ज्ञानोबादादा, ह्या घ्या," तो म्हणाला. आजवर त्यानं नुसतं ज्ञानोबा म्हटलं होतं, तेही रागात असला तर अर्धंच. "दादा, त्या दिशी तुम्ही काकाला काढलं. वैनीनं खाऊ घातलं. आता आपलं काय वैर राहिलं, सांगा बरं? एका ताटात जेवल्यावर कसली केस?"

ज्ञानोबा ताडपत्री हातात घेऊन घुटमळला.

"ते आता कोर्टात हाय भागवत. आपल्याला मागं घेता येत न्हाई म्हणतेत."

"मागं कशाला घ्यायची? वैनीनं तिथं एवढंच म्हणायचं, की गर्दी व्हती, काठी कुणाची लागली ते दिसलं न्हाई. संपलं. काका पुढं लगेच गायरानाचं बघून देतो म्हणलाय. कुणी जनावर घालणार न्हाई."

सिंधु आत भिंतीची माती उपसत होती. टोपलं तसंच ठेवून ती बाहेर आली.

"गर्दी कुठं व्हती भागवत? आम्ही दोघं, तुझा काका आन तुझी काकू. चारच माणसं."

भागवतानं तिच्याकडं बघितलं नाही. ज्ञानोबालाच म्हणाला, "बघा दादा. गावात ऱ्हायचं हाय. आज गाव तुमचं नाव घेऊन राहिलंय. ते नाव किती दिस टिकवायचं ते तुमच्या हातात हाय." आणि ट्रॅक्टर चालू करून निघून गेला.

दिवस मावळताना ज्ञानोबानं विषय काढलाच. दोघं नव्या ताडपत्रीखाली बसले होते. ज्ञानोबा उजवं मनगट डाव्या हातानं चोळत होता. पुरात धरलं तेव्हापासून ते परत सुजलं होतं.

"अगं, मीबी वंदना म्हणतो, तूबी म्हणतीस. वैरानं वैर मिटत न्हाई म्हणतेत. त्या माणसानं पाण्यातून वर आल्यावर माझ्याकडं कसं बघितलं ते मी बघितलंय. हात जोडले त्यानं. पाटलानं. मला."

"मग?"

"मग काय. सोडून द्यावं वाटतंय मला. किती दिस हे घिऊन फिरायचं?"

सिंधुला त्याचा राग आला आणि लगेच कीवही आली. हा माणूस थापी धरायचा तेव्हा ओळंब्याशिवाय भिंत सरळ उचलायचा. आता त्याला घास घेताना बोटं नीट मिटत नव्हती. सोडून द्यायचं तर तोच देऊ शकत होता. हात त्याचा होता.

"तुम्हाला सोडायचं असंल तर तुम्ही मनातून सोडा," ती म्हणाली. "मी न्हाई म्हणत न्हाई. पण कोर्टात मला उभं करतील. मला इचारतील, काठी कुणी मारली. मी काय म्हणू? दिसलं न्हाई म्हणू?"

ज्ञानोबा मनगट चोळतच राहिला.

"रोज सांजच्याला मुसावादा म्हणतो न्हाई का आपण? खोटं बोलणार न्हाई म्हणून? का ते नुसतं म्हणायपुरतंच हाय? खाऊ घातलं ते खरं, आन मारलं ते खोटं, असं कसं करू मी?"

"वैर वाढंल सिंधु."

"वैर मी कुठं करून राहिले? मी एवढंच सांगणार, काय झालं ते."

ज्ञानोबा उठून बाहेर गेला. त्यानं ताडपत्रीची दोरी उगाच सोडून परत बांधली. एका हाताला ती गाठ बसेना. सिंधु उठली नाही. तिला त्याला मदत करावी वाटत होती, आणि आत्ता गेलं तर तो चिडेल हेही कळत होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी शेषेराव स्वतः आले. सिंधु गायरानात कुजलं सोयाबीन उपटून ढीग घालत होती. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. झाडं उपटताना आंबूस वास सुटत होता. बांधावर सावली पडली तशी तिनं मान वर केली. एकटेच होते. हातात काठी नव्हती.

त्यांनी हात जोडले. सिंधु दचकली. एवढ्या मोठ्या वयाच्या माणसानं हात जोडलेले तिला बघवेना.

"पोरी, तुझ्या हातचं खाल्लंय मी," शेषेराव म्हणाले. "वैर संपलं माझ्याकडून. तू पण संपव."

"पाटील, मी तुम्हाला जेवायला वाढलं तव्हा काही मागितलं व्हतं का?"

"न्हाई."

"मग आता तुम्ही काहून मागून राहिलात?"

शेषेरावांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं आणि खालून जुनं वर आलं.

"उद्या बोलून मोकळी व्हशील. परवापासून इथंच ऱ्हायचंय तुला."

"हाव. इथंच ऱ्हायचंय," सिंधु म्हणाली. आवाज कापला. शेषेरावांनीही तो कापताना ऐकला. ते बांधावरून निघून गेले.

पूल खचल्यामुळं तालुक्याला जायला एकच जीप होती. मागं सिंधु, ज्ञानोबा आणि आदर्श, पुढं ड्रायव्हरशेजारी शेषेराव आणि भागवत. खड्ड्यात जीप आदळली की सगळ्यांची अंगं एकदमच उसळायची आणि एकदमच खाली यायची. ज्ञानोबा बाहेर बघत होता. तो अजून काहीच म्हणाला नव्हता, होही नाही आणि नाहीही नाही.

पुकारा झाला. सिंधु पिंजऱ्यात उभी राहिली. कठड्याचं लाकूड हजार हातांनी गुळगुळीत झालेलं होतं. सरकारी वकिलांनी विचारलं तसं तिनं सांगितलं. दुपार होती. जनावरं तुरीत होती. काठी शेषेरावांच्या हातात होती. मग शेषेरावांचे वकील उठले. त्यांचा आवाज मऊ होता.

"बाई, महिन्याखाली पूर आला, तेव्हा आरोपी तुमच्या विहारात होते?"

"हाव."

"त्यांना जेवण कुणी केलं?"

"मी. आन वाड्यातल्या बायांनी."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"न्हाई."

"ज्या माणसानं तुमच्या नवऱ्याचा हात मोडला, त्याला तुम्ही राजीखुशीनं, स्वतःच्या हातानं जेवू घातलं." वकील थांबले, कोर्टाकडं वळून बघितलं. "मी म्हणतो, की असं काही घडलंच नव्हतं. घडलं असतं तर कुठली बाई असं करील? तुम्ही दुसऱ्याच्या सांगण्यावरून खोटी केस केली."

सिंधुला वाटलं नव्हतं, की तीच खिचडी अशी तिच्यासमोर आणून ठेवतील. तिनं मागं वळून बघितलं. आदर्शनं डोळे मिटून घेतले होते. मी सांगितलं होतं ना, असा त्याचा चेहरा. आणि ज्ञानोबा तिच्याकडंच बघत होता. त्यानं उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता. बोटं अर्धवट मिटलेली.

"साहेब," सिंधु म्हणाली, "त्यांना भूक लागली व्हती म्हणून खाऊ घातलं. ह्यांचा हात मोडला म्हणून केस केली. दोन्ही खरं हाय."

"उत्तर एकच द्या."

"एकच हाय जी. खरंच बोलून राहिले मी. परत पूर आला तर परत खाऊ घालीन. आन परत इचारलं तर परत हेच सांगीन."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडं क्षणभर बघितलं आणि लिहिणाऱ्याला सांगितलं, "बाई म्हणाल्या तसंच घ्या." वकील खाली बसले.

बाहेर आल्यावर ज्ञानोबानं टपरीवरून चहा आणला. ग्लास डाव्या हातानं सिंधुला दिला. "बरं बोललीस," एवढंच म्हणाला. सिंधुला रडू आलं. तिनं ते चहाबरोबर गिळलं. परतीच्या जीपमध्ये शेषेराव बसले नाहीत. तारीख पुढची पडली, दिवाळीनंतरची.

गावानं बोलणं टाकलं. ज्यांच्या लेकरांना सिंधुनं भरवलं होतं, त्या बाया नळावर तिला बघून घागर अर्धी असतानाच उचलायच्या. उरलंसुरलं सोयाबीन काढायला वाड्यातल्या बायांना कुणी बोलावलं नाही. बाहेरगावची टोळी आली. आदर्श एकदा म्हणालाच, "बघ वैनी. कुणाला खाऊ घातलंस." सिंधुनं धान्याची खोली झाडली आणि वाड्यातल्या बायांनी जमेल तसं परत ओंजळ ओंजळ टाकायला सुरुवात केली. पुनव जवळ आली होती. या साली गोड करणं होणार नव्हतं.

अशात एका दुपारी माळाच्या चढावर तारामती दिसली. डोक्यावर पोतं. एकटी. चढ चढताना ती दोनदा थांबली. विहारासमोर येऊन उभी राहिली तेव्हा तिचा श्वास फुलला होता आणि मान भारानं आत गेली होती. सिंधु हातातली केरसुणी टाकून पुढं झाली. एकीनं एक टोक धरलं, दुसरीनं दुसरं. दोघींनी मिळून पोतं खाली ठेवलं. आत ज्वारी होती, पुरातून माळवदावर वाचलेली.

"हे घे," तारामती म्हणाली. "आमचं तुझ्याकडं ऱ्हायलं व्हतं."

"काही ऱ्हायलं न्हाई काकू."

"ऱ्हायलंय. मला ठाऊक हाय." तारामतीनं पदरानं तोंड पुसलं. पहिल्यांदाच ती सिंधुच्या डोळ्यांत बघत होती, आणि ते बघणं काही गोड नव्हतं. "खरं सांगू का? माझ्या नवऱ्याला तू आत घालायला निघालीस. तुला शिव्या द्यायला तोंड उघडते, तर तुझी खिचडी आठवती. धड वैरबी धरू देत न्हाईस तू. एकदा फेडून टाकते. म्हंजी मनाजोगं भांडता यील."

सिंधुनं पोत्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "मग न्हाई घेत."

"काय?"

"फेड म्हणून न्हाई घेत मी. न्या परत."

"आता हे वझं मी परत न्हिऊ?"

"मग आत ठेवा, बुद्धापुढं. दान म्हणून. पुनवेला सगळे जेवतील. तुम्हीबी या जेवायला."

तारामतीच्या लक्षात आलं तसे तिचे डोळे बारीक झाले. "म्हंजी परत माझ्यावरच चढवतीस."

वाऱ्यानं ध्वजाची फडफड होत होती. खाली गावात कुणाचं तरी मळणीयंत्र चालू झालं. तारामती त्या आवाजाकडं कान देऊन उभी राहिली. घरी आपली आठवण निघाली असेल हे तिला कळत होतं. मग ती वाकली, पोत्याचं एक टोक धरलं आणि सिंधुकडं न बघता म्हणाली, "धर की. मी एकटी वढू का?"

दोघींनी पोतं उचलून आत नेलं. उंबऱ्यापाशी तारामती अडखळली. पुरात ती याच दारातून आली होती, पण तेव्हा पाण्यानं ढकललं होतं. तिनं चपला काढल्या. मूर्तीपुढं पोतं ठेवून क्षणभर तशीच उभी राहिली. हात जोडावेत का नाही हे तिचं ठरेना. नाहीच जोडले. बाहेर येऊन चपला घातल्या आणि उताराला लागली.

"काकू," सिंधुनं हाक मारली. "पुनवेला ताट वाढून ठेवते."

तारामती थांबली. वळली नाही.

"मीठ जरा बघून टाक," ती म्हणाली. "त्या दिशी लई अळणी झालं व्हतं."

आणि पदर डोक्यावर घेऊन, घसरत्या मुरमावर पाय रोवत, ती गावाकडं उतरून गेली.